पिंजरा रिकामा झाला म्हणजे राणी लागली असं नाही

कांद्याचे डोंगळे फुलले होते आणि माझ्याकडे मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांची ५ फ्रेमची, म्हणजे पोळ्याच्या ५ चौकटींची, वसाहत होती, बिनराणीची. “राणी उद्या देतो,” म्हणाले पेटी देणारे काका. त्यांचा उद्या आठव्या दिवशी उजाडला. स्वस्त पडते म्हणून बिनराणीची वसाहत घेऊ नका, राणी हातात असेल तरच पैसे मोजा.

राणीचा छोटा पिंजरा पिलांच्या दोन फ्रेमच्या मध्ये लावला. जाळी मोकळी ठेवली, कँडीचं, म्हणजे माश्या खाऊन राणीला वाट करून देतात त्या साखरेच्या गोळ्याचं, टोक वर. चौथ्या दिवशी कँडी फस्त, पिंजरा रिकामा. मी खूश. सहाव्या दिवशी सकाळी पेटीच्या तोंडाशी राणी मरून पडलेली, पाठीवर ओळखीसाठी लावलेला रंगाचा ठिपका तसाच.

चूक माझीच. राणीघरं शोधताना फ्रेम नुसत्या उचलून पाहिल्या, माश्या झटकल्या नाहीत. राणी नाही हे कळताच कामकरी माश्या कोवळ्या अळ्यांची घरं वाढवून राणीघरं करतात. अंड्यापासून राणी निघायला १६ दिवस. त्यातले ३ अंड्याचे, आणि अळी एक-दोन दिवसांची निवडलेली. म्हणजे अकराव्या-बाराव्या दिवशी कुमारी राणी बाहेर. माझा पिंजरा उघडला नेमका तेव्हाच. फ्रेमच्या खालच्या कडेला, माश्यांच्या गर्दीआड, शेंगदाण्याच्या टरफलासारखं एक राणीघर राहून गेलं होतं. टोकाचं झाकण गोल कापलेलं. एकच! पण आणलेली राणी टिकू न द्यायला एक पुरतं.

म्हणून प्रत्येक फ्रेम पेटीतच झटका, उरलेल्या माश्या ब्रशने सारा. मग कडा, कोपरे, पोळ्यातली भोकं, आणि पोळ्याचा मधला भागसुद्धा पाहा, कारण राणी अचानक गेल्यावर केलेली घाईची राणीघरं तिथेच जास्त असतात. पिंजऱ्यातली राणी आहे त्या फ्रेमला मात्र झटका नको. पिंजरा लावण्याआधी एकदा बघा, आणि राणी मोकळी होण्याआधी पुन्हा एकदा.

घाबरू नका, राणीविना आठवडा उलटलेल्या वसाहतीत एक फायदाही असतो. सगळी राणीघरं मोडलीत तर नवी करायला कोवळी अळीच उरत नाही, मग परकी राणी पटकन पटते.

पटली का, हे पिंजऱ्यावरून बोट फिरवून कळतं. माश्या सहज बाजूला झाल्या, जाळीतून राणीला भरवत असल्या, तर ठीक. जबड्याने तारा धरून घट्ट बसल्या, हलवूनही सुटेनात, तर कँडीवरचं बूच काढू नका. दोन दिवस थांबा. राणीवर बडीशेपेचं पाणी शिंपडा, मध चोळा असले उपाय सांगणारे खूप भेटतील. मला त्यांचा राग येतो. फोनवरून शिकवणाऱ्यांचाही. शेजारी उभं राहून फ्रेम झटकायला लावणारा एक माणूस शोधा. कँडीला साखर घरीच दळा, दुकानातल्या पिठीसाखरेत बऱ्याचदा कॉर्नफ्लोअर असतं.

दुसऱ्या राणीच्या वेळी पिंजरा रिकामा झाल्यावर ५ दिवस पेटी उघडली नाही. सोपं नव्हतं. मग उन्हाकडे पाठ करून एक फ्रेम तिरकी धरली. घराच्या तळाशी एकेकच अंडं, काही उभी, काही कललेली. राणी शोधलीच नाही, झाकण लावलं.