स्टेन्सिलखाली रंग झिरपू नये म्हणून
१९८० च्या पॅक-मॅनसारख्या व्हिडिओ गेमच्या जुन्या आर्केड कॅबिनेटच्या (नाणे टाकून खेळायच्या उभ्या पेटीच्या) बाजूंवरील चित्रे स्टेन्सिलने पुन्हा रंगवताना नवा रंग कडेखाली झिरपतो आणि रेषा फाटक्या दिसतात. हे टाळण्यासाठी पायाचा पिवळा रंग पूर्ण वाळल्यावर स्टेन्सिल चिकटवून तिच्या कडा नखाने घट्ट दाबाव्यात आणि निळा किंवा लाल रंग घेण्याआधी त्याच पिवळ्या रंगाचा पातळ हात कडांवरून फिरवावा, म्हणजे जे झिरपायचे ते पिवळ्यावर पिवळेच झिरपून फटी बुजतात. हा हात मुळीच वगळू नये. तो वाळल्यावर वरचा रंग द्यावा व तो किंचित ओलसर असतानाच स्टेन्सिल सावकाश, तिरकी ओढून काढावी.

कॅबिनेट आडवे करण्यापूर्वी मॉनिटर जाणकार मेकॅनिककडूनच काढून घ्यावा, कारण प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये घातक वीज साठलेली असू शकते.