मालदीवला फ्लाय-फिशिंगला जाताय? या चुका टाळा

“भाऊ, तिकीट काढलं. आता सामान काय काय घेऊ?” असा फोन आला की पहिली चूक होऊन गेलेली असते. तिकीट शेवटी काढायचं असतं. आधी भिंतीवरचं कॅलेंडर काढून तिथी बघायची.

आपल्या मामा तलावात (जुन्या मालगुजारी तळ्यात) पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं, म्हणून हे आपल्या डोक्यातच येत नाही. समुद्रात अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक अगदी थोडा. बोनफिश, म्हणजे ज्या माशासाठी आपण जातो तो, चढत्या पाण्याबरोबर उथळ वाळूवर चरायला येतो आणि पाणी उतरू लागलं की खोलात जातो. पाणीच हललं नाही तर तो कशाला येईल?

माझ्या साडूने खोली स्वस्त मिळते म्हणून तारखा ठरवल्या आणि मीही मान डोलावली. पोचलो ती अष्टमी. तीन दिवस भरती-ओहोटीत हातभराचाही फरक नव्हता. गुडघाभर पाण्यात सकाळपासून उभं राहून आम्ही रिकामी वाळू बघितली. चौथ्या दिवशी पाण्याला ओढ आली, वाळूवर शेपट्या दिसू लागल्या आणि पाचव्या दिवशी परतीचं विमान होतं. साडूने त्या सहलीसाठी दोन हंगामांचे पैसे बाजूला ठेवले होते. परतताना तो नागपूरपर्यंत बोलला नाही.

आता मी जानेवारी ते एप्रिलमधली अमावस्या किंवा पौर्णिमा धरतो आणि तिच्या दोन दिवस आधी पोचतो. त्या बेटाचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघतो, मग लॉजच्या गाईडला विचारतो की चालत मासेमारी करता येईल असं उथळ पाणी लॉजजवळ आहे की रोज बोटीनं जावं लागतं. त्याचं उत्तर आलं की मग तिकीट.

तिकिटातही एक मेख आहे. लांबच्या बेटावर नेणारं सीप्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान, दिवसाउजेडीच उडतं. माले विमानतळावर संध्याकाळी उतरलात तर रात्र तिथंच काढावी लागते, आणि तिचा खर्च वेगळा. सामानही साधारण 20 किलोच चालतं.

दुसरी चूक हाताची आहे, आणि ती सांगून सुटत नाही. मरळीने बेडूक धरला की आपण कांडी वर उचलून हिसका देतो. लहानपणापासूनची सवय. खाऱ्या पाण्यात त्याच सवयीने मासा जातो. रॉड वर उचलला की तो वाकतो, सगळा जोर वाकण्यातच जिरतो आणि फ्लाय, म्हणजे गळावर बांधलेलं खोटं आमिष, माशाच्या तोंडातून सुटते. रॉडचं टोक माशाकडेच रोखलेलं ठेवायचं आणि दुसऱ्या हातानं लाईन सरळ मागे ओढायची. गळ लागला नाही तरी फ्लाय पाण्यातच राहते, मासा पुन्हा वळतो. माझ्या पुतण्याने एका सकाळी पाच बोनफिश असेच घालवले. गाईड दर वेळी ओरडत होता, पण ऐन वेळी हात ऐकत नाही.

“यूट्यूबवर बघितलंय, तिथं गेल्यावर जमेल,” असं म्हणणाऱ्याला मी सोबत नेत नाही. धान कापलं की बांधी मोकळी होते. तिथं पन्नास फुटांवर घमेलं ठेवायचं आणि रोज अर्धा तास फेकायचं, तेही वाऱ्याच्या तोंडावर, कारण बेटावर वारा असतोच. तिकडची लाईन उष्ण पाण्यासाठी बनवलेली असते, डिसेंबरच्या सकाळी ती वेटोळी सोडत नाही. फेकण्याआधी दोघांनी धरून ताणायची.

बाकीचं थोडक्यात. बोनफिशला 8 नंबरचा रॉड, जायंट ट्रेव्हली या मोठ्या, ताकदवान माशाला 12 नंबरचा (नंबर जितका मोठा, रॉड तितका दणकट). एकाच रॉडवर दोन्ही भागवू नका, ट्रेव्हली रॉड मोडते. पोलराइज्ड चष्म्यावर काटकसर नको, मासा दिसलाच नाही तर फेकणार कुठं? पायात जाड तळाचे बूट हवेत, प्रवाळ चप्पल कापतं. वाळूत पाय घासत चाला, म्हणजे खाली दडलेला पाकट मासा बाजूला होतो. आणि 45 अंशांत राबणाऱ्यांनीही पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा, पाण्यावरून परत येणारं ऊन हनुवटीखालून भाजतं.

रील रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. पुतण्याने एक रात्र आळस केला. घरी आल्यावर त्याच्या रीलची मूठ फिरेना.