उरेब कापाचा ड्रेस घरी कसा शिवावा

पणजीतल्या एखाद्या बुटिकच्या काचेमागे बिनबाह्यांचा साधा पांढरा ड्रेस दिसतो. भरतकाम नाही, जर नाही, तरी पाय तिथेच थबकतात. घरी येऊन आपण तसंच कापड आणतो, तसाच गळा काढतो आणि शिवून होतो तो रोजचा गाऊन. असं होतं कापामुळे. त्या ड्रेसचं कापड उरेब, म्हणजे काठाशी ४५ अंशांत तिरकं कापलेलं असतं. पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर मादलेन व्हियोने यांनी १९२० च्या दशकात अख्खे पोशाख असे कापून दाखवले. मी या नादाला लागले ते आपल्या गोव्यातल्या कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांचे साधे, मोकळे, पांढरे कपडे बघून. तेव्हापासून असे पुष्कळ ड्रेस शिवले आहेत, आणि ‘कापड कोपऱ्यावर दुमडा, कापा, झालं’ हा सल्ला ऐकला की राग येतो. त्या सल्ल्यापायी मी चांगलं लिनन वाया घालवलं आहे.

कापड
४४ इंच पन्ह्याचं मऊ सुती किंवा कॉटन-लिनन घ्या. पोटरीपर्यंतच्या ड्रेसला साडेतीन मीटर लागतं. दुकानदार अडीच पुरे म्हणेल, त्याच्या हिशेबात सरळ काप असतो. पहिलाच प्रयत्न असेल तर म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून बारीक चौकड्यांचं सुती कापड आणा. चौकड्यांच्या रेघा म्हणजे उभे-आडवे धागेच. कापड जरा सरकलं तरी लगेच दिसतं. पण त्यासाठी आजीची लाल-पांढऱ्या चौकड्यांची कुणबी साडी कापायला काढू नका. हातमागाचं ते विणकाम पुन्हा उभं राहावं म्हणून वेंडेल यांनी किती खटपट केली! ती साडी नेसायची, नाहीतर जपून ठेवायची.

कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करून घ्या.

कागदी नमुना
अंगाला नीट बसणाऱ्या बिनबाह्यांच्या कुर्तीवरून पुढचा अर्धा आणि मागचा अर्धा भाग ब्राउन पेपरवर काढा. कमरेखाली थोडा घेर द्या. टक नकोत. गळा डोक्यातून जाईल इतका ठेवलात तर चेनही नको. बाजूंना पूर्ण एक इंच माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, हवी, कारण उरेब कापड लोंबलं की लांबीला वाढतं आणि रुंदीला आवळतं. दोन्ही कागदांवर मध्यरेषेशी ४५ अंशांची एक ठळक रेघ मारा. ही रेघ कापडाच्या काठाला समांतर बसली पाहिजे.

कापणं आणि लोंबवणं
मी अडले ती इथे, म्हणून इथे घाई करू देणार नाही.

आधी तांदळाची अगदी पातळ कांजी कापडावर शिंपडून इस्त्री फिरवा. कापड कागदासारखं ताठ होतं आणि कात्रीखाली पळत नाही. शिवून झाल्यावर धुतलं की कांजी निघून जाते. मग कापड जमिनीवर पसरा, पलंगावर कधीच नाही. घरात चौरस फरश्या असतील तर काठ फरशीच्या सांध्यावर ठेवा. फरशीचे समोरासमोरचे दोन कोपरे जोडले की ४५ अंश आयते मिळतात. टाचण्यांनी उरेब कापड ओढलं जातं. मी कागदावर तांदूळ भरलेल्या स्टीलच्या वाट्या ठेवते.

कापड एकेरीच कापा. दुहेरी घडीत खालचा थर सरकतो आणि ते वरून कळत नाही. पुढचा भाग अखंड न कापता मधोमध शिवण घालून दोन अर्धे करा, मागचेही तसेच. उभा आणि आडवा धागा सारखा ताणला जात नाही, त्यामुळे अखंड भाग काही धुण्यांनंतर अंगाभोवती पिळतो आणि बाजूची शिवण पोटावर येते. दोन अर्ध्यांत उभा धागा आरशातल्यासारखा समोरासमोर आला की दोन्हीकडची ओढ सारखी होते. साध्या कापडाला उलट-सुलट बाजू नसते. म्हणून एक तुकडा कापा आणि दुसरा तसाच कापून उलटा करा, जमलं.

कापल्याबरोबर गळ्याला आणि मुंढ्याला, म्हणजे हात जातो त्या गोलाईला, कडेलगत एक टीप मारून ठेवा, नाहीतर उचलता उचलताच गळा सैल पडतो. आता चारही तुकडे खांद्याशी चिमटे लावून रात्रभर टांगा. सकाळी कागद पुन्हा वर ठेवा. तुकडा कुठे लांबलेला, कुठे अरुंद झालेला दिसेल. जास्तीचं तेव्हाच छाटा.

मशीनवर बारीक सुई, पॉलिएस्टर दोरा आणि अगदी अरुंद झिगझॅग लावा. सरळ टीप पुढे ताण आला की तुटते. एका शिवणवर्गात मला उरेब कापड ताणून धरायला शिकवलं होतं. तसं केलं की शिवण पापडासारखी वर-खाली होते आणि कितीही इस्त्री केली तरी बसत नाही. हात कापडाखाली नुसता आधाराला ठेवा. खांदा लोंबू नये म्हणून त्याच्या शिवणीत सुती नाडी, म्हणजे अरुंद फीत, घाला.

आणि आता तळाची दुमड लगेच घालू नका! मामेबहिणीच्या लग्नासाठी मी रात्री दोनला दुमड घालून ड्रेस संपवला होता. मडगावच्या हॉलमध्ये जेवणाच्या पंगतीपर्यंत पुढची कड मागच्यापेक्षा दीड इंच खाली आली होती. मी तीन तास ती कड सावरत उभी होते, ते अजून आठवतं. कापड जिथे बरोबर ४५ अंशांत असतं तिथे जास्त उतरतं, उभ्या धाग्याजवळ कमी. म्हणून शिवलेला ड्रेस हँगरवर टांगून ठेवावा लागतो. उन्हाळ्यात मी एक पूर्ण दिवस ठेवते. पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली, कापड ओलावा धरतं आणि हळूहळू उतरत राहतं, तेव्हा तीन दिवस. गणेश चवथीला घालायचा असेल तर आठवडाभर आधी शिवून ठेवा. कडेला वजनं लटकवू नका, कापडाचं स्वतःचं वजन पुरतं.

दुमड
ड्रेस घालून सरळ उभ्या राहा, खाली बघू नका. दुसऱ्या कुणीतरी जमिनीवर पट्टी उभी धरून, तुमच्याभोवती फिरत, सगळीकडे जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूची खूण करायची. खूण वेडीवाकडी वाटली तरी तीच खरी. अर्धा इंच सोडून कापा, बारीक दुहेरी दुमडून हाताने शिवा. इस्त्री उचलून ठेवत दाबा, सरकवू नका.

गळा आणि मुंढ्याला उरलेल्या तुकड्यांची उरेब पट्टी लावा. तयार ड्रेस घडी करून कपाटात ठेवा, हँगरवर नको.