जुन्या फोन-टॅबवर मोठं अपडेट: आधी काय तपासायचं, कसं घ्यायचं, नंतर काय करायचं

अपडेटचं बटण दाबायला क्षणभर पुरतो, पण त्यानंतर मागे येण्याची वाट बहुधा बंद होते. नवी आवृत्ती आल्यावर ॲपल थोड्याच काळात जुन्या आवृत्तीला मंजुरी देणं थांबवतं, आणि मग आयफोन किंवा आयपॅड पुन्हा जुन्या आवृत्तीवर नेता येत नाही. अनेक अँड्रॉइड फोनही खालची आवृत्ती टाकू देत नाहीत. जे देतात त्यांच्यातला सगळा डेटा त्यासाठी पुसावा लागतो. नव्या, दमदार फोनवर याची चिंता नसते. पाच-सहा वर्षं जुनं उपकरण मात्र पुढे किती काळ नीट चालेल हे पुष्कळदा या एका निर्णयावर ठरतं. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा बटण दाबण्याआधीच्या कामांना दिली आहे.

आधी पाहा, अपडेट कसलं आहे

अपडेट दोन जातींची असतात. एकात संपूर्ण प्रणालीची आवृत्ती बदलते: नवा चेहरा, नव्या सोयी, नवं ओझं. दुसऱ्यात फक्त सुरक्षेतली भोकं बुजवली जातात. दुसऱ्या जातीचं अपडेट जुन्या उपकरणावरही न रेंगाळता घ्यावं. त्याने फोन मंदावण्याची शक्यता फार कमी असते, आणि ते टाळण्यातला धोका मात्र खरा असतो. २०१५ मध्ये अँड्रॉइडमध्ये ‘स्टेजफ्राइट’ नावाची त्रुटी सापडली. नुसत्या एका मल्टिमीडिया मेसेजमधून फोनमध्ये शिरकाव करता येईल, इतकी ती गंभीर होती. त्यानंतरच गूगलने दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या द्यायला सुरुवात केली.

अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा. तिथे अँड्रॉइडची आवृत्ती आणि सुरक्षा अपडेटची तारीख वेगवेगळी दिसते. अँड्रॉइड १० पासून गूगल प्ले सिस्टिम अपडेट हा तिसरा प्रकारही आला. त्यामुळे कंपनीने मोठी अपडेट थांबवली तरी प्रणालीचे काही भाग गूगलकडून थेट ताजे होत राहतात. ॲपलकडे आकड्यावरून कळतं. पूर्णांक बदलला की मोठं अपडेट, दशांशानंतरचा बदलला की लहान. मधे क्रम तुटला आहे हे लक्षात ठेवा: २०२५ मध्ये १८ नंतर थेट २६ आलं, मधल्या आवृत्त्या निघाल्याच नाहीत. मोठी आवृत्ती न घेता जुनीवरच राहून सुरक्षा अपडेट घेण्याचा पर्याय ॲपल कधी कधी देतं. २०२१ मध्ये आयओएस (आयफोनची प्रणाली) १५ आलं तेव्हा १४ वर थांबण्याची मुभा होती, पण ती थोडेच महिने टिकली.

जुनं उपकरण का मंदावतं

प्रत्येक अपडेट फोन मंदावतंच असं नाही. आयओएस १२ हे त्याचं उत्तम उदाहरण. २०१८ मधल्या त्या आवृत्तीत ॲपलने जुन्या उपकरणांचा वेग हाच मुख्य विषय केला होता, आणि २०१३ चा आयफोन ५एससुद्धा तिच्यावर चालत होता. उलट उदाहरण आयपॅड २ चं. २०११ चा हा टॅब, रॅम (चालू ॲप धरून ठेवणारी तात्पुरती मेमरी) अवघी ५१२ एमबी, आणि त्याला अपडेट मिळत गेली ती थेट आयओएस ९ पर्यंत. ‘अपडेट मिळतं’ आणि ‘अपडेट पेलतं’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या यादीत तुमच्या मॉडेलचं नाव आहे एवढ्यावर निर्णय घेऊ नका.

मंद होण्याचं पहिलं कारण रॅम. नव्या प्रणालीला स्वतःलाच जास्त रॅम लागते, म्हणून ॲपना कमी उरते. ब्राउझरमधून मेसेज पाहायला गेलात आणि परत आलात की पान पुन्हा पहिल्यापासून लोड होतं, ते यामुळे. प्रोसेसर ठीक असूनही फोन दमल्यासारखा वाटतो.

दुसरं कारण स्टोरेज, आणि याच्याकडे फारसं कोणी बघत नाही. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत नवं काही लिहायचं तर आधी रिकामे कप्पे तयार लागतात. स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर प्रत्येक वेळी आधी जुनं हलवा, पुसा, मग लिहा असं चालतं, आणि साधं ॲप उघडतानाही फोन अडखळतो. २०१२ च्या नेक्सस ७ टॅबचा हाच त्रास गाजला होता. पुढच्या वर्षी अँड्रॉइड ४.३ मध्ये पुसलेली जागा वेळच्या वेळी मोकळी करून ठेवायची सोय आली आणि त्याच टॅबला पुष्कळ उतार पडला. नंतर अँड्रॉइड ५ आल्यावर मात्र तो संथ झाल्याच्या तक्रारी पुन्हा सुरू झाल्या. म्हणजे एकाच टॅबला एक अपडेट मानवलं, दुसरं जड गेलं.

तिसरं कारण बॅटरी. थकलेली बॅटरी अचानक लागणारी जास्तीची वीज देऊ शकत नाही आणि फोन धाडकन बंद पडतो. ते टाळण्यासाठी ॲपलने २०१७ च्या सुरुवातीला आयओएस १०.२.१ मध्ये अशा आयफोनचा वेग आवरता घेण्याची व्यवस्था घातली. वापरणाऱ्यांना ते स्पष्ट सांगितलं नव्हतं. वर्षअखेरीस गोष्ट उघड झाली तेव्हा मोठा गदारोळ झाला, कंपनीने माफी मागितली, आणि २०१८ मध्ये आयओएस ११.३ पासून बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दिसू लागली. यातून आपल्या कामाची गोष्ट एवढी की ‘अपडेटनंतर फोन मेला’ असं वाटतं तेव्हा दुखणं कधी कधी बॅटरीचं असतं, आणि बॅटरी बदलता येते.

बटण दाबण्याआधी

पहिलं काम बॅटरीचं. आयफोनवर सेटिंग्जमध्ये बॅटरी, तिथे बॅटरी हेल्थ. आकडा ८० टक्क्यांच्या खाली असेल तर आधी बॅटरी बदला, मग अपडेटचा विचार करा. बऱ्याच जुन्या आयपॅडवर आणि अँड्रॉइड फोनवर हा आकडा दिसत नाही, तिथे लक्षणं पाहा: चार्ज ३० टक्क्यांवरून एकदम खाली येणं, कॅमेरा उघडताच फोन बंद पडणं. पाठ फुगलेली दिसली किंवा स्क्रीन कडेने उचललेली दिसली तर अपडेट राहू द्या, चार्जिंगच थांबवा आणि उपकरण दुरुस्तीला द्या.

मग जागा करा. अपडेट डाउनलोड होतं, नंतर उलगडतं, आणि दोन्हीला जागा लागते. सूचनेत दिसणाऱ्या आकाराच्या निदान दुप्पट जागा मोकळी ठेवा, आणि अपडेट झाल्यावरही एकूण स्टोरेजचा सातवा-आठवा भाग रिकामा राहील असं पाहा. सगळ्यात लवकर जागा देतात ते जुने व्हिडिओ, मेसेजिंग ॲपमधून आपोआप उतरलेल्या फायली आणि महिनोन्‌महिने न उघडलेली ॲप. १६ किंवा ३२ जीबीच्या आयपॅडवर इतकी जागा निघत नसेल तर तो केबलने कॉम्प्युटरला जोडून अपडेट करा. तसं केलं की डाउनलोड कॉम्प्युटरवर होतं आणि आयपॅडवर कमी जागा पुरते.

बॅकअपबद्दल मी अगदी हटून सांगेन. ‘आपोआप होतो’ यावर विसंबू नका. सेटिंग्जमध्ये जाऊन शेवटच्या बॅकअपची तारीख स्वतः पाहा. आजची नसेल तर आत्ता घ्या. व्हॉट्सॲपचा बॅकअप वेगळा असतो, तो त्या ॲपच्या सेटिंग्जमधून घ्यावा लागतो. दुसऱ्या एखाद्या उपकरणावर तुमचं खातं उघडून फोटो खरंच पोहोचलेत का तेही बघून घ्या. ॲपल किंवा गूगल खात्याचा पासवर्ड आठवतोय ना? अपडेटनंतर तो विचारला जाऊ शकतो. ओटीपी बनवणारं ॲप याच फोनवर असेल तर त्याचे रिकव्हरी कोड (ते ॲप गेलं तरी खातं उघडून देणारे आकडे) कागदावर लिहून ठेवा.

यानंतर ज्या ॲपवाचून तुमचं अडेल अशा चार-पाच ॲपची यादी करा. बँकेचं ॲप, ऑफिसचं ॲप, साखर किंवा रक्तदाब मोजणाऱ्या यंत्राला जोडलेलं ॲप. ती नव्या आवृत्तीवर चालतात का, हे ज्या त्या ॲपच्या पानावर पाहा. आरोग्याच्या उपकरणाला जोडलेलं ॲप असेल तर उत्पादकाने नवी आवृत्ती चालेल असं सांगेपर्यंत थांबणंच योग्य. उलट बाजूही तपासा, कारण कधी कधी ॲपच नवी प्रणाली मागतं. मे २०२५ पासून व्हॉट्सॲपला आयफोनवर किमान आयओएस १५.१ लागतं. क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्यांना अँड्रॉइड १० लागतं. तुमचं उपकरण अशा उंबरठ्याच्या अलीकडे अडकलेलं असेल आणि पुढचं अपडेट मिळत असेल, तर थोडा मंदपणा पत्करूनही ते घ्यावं असं माझं मत आहे.

आणि मोठ्या आवृत्तीच्या पहिल्याच आठवड्यात उडी घेऊ नका. पहिली किंवा दुसरी दुरुस्ती येईपर्यंत थांबा. तेवढ्या वेळात तुमच्याच मॉडेलवर, तेवढ्याच रॅमवर ते अपडेट घेतलेल्या लोकांचे अनुभव वाचा. त्यातही आठवडाभर वापरून लिहिलेल्यांचे वाचा, पहिल्या दिवसाच्या तक्रारींना फार वजन देऊ नका. का ते खाली येतंच.

अपडेट करताना

हा भाग सोपा आहे. उपकरण एकदा बंद करून सुरू करा, चार्जरला लावा, भरवशाचं वाय-फाय घ्या आणि ज्या वेळी फोनची गरज पडणार नाही अशी वेळ निवडा. जुन्या उपकरणावर तास-दीड तासही लागू शकतो. पट्टी एका जागी अडकल्यासारखी वाटली तरी बटणं दाबून ते बंद करू नका. अँड्रॉइड ७ पासून काही फोनांत नवी प्रणाली मेमरीच्या दुसऱ्या भागात बसवण्याची सोय आली, आणि त्यांच्यात ती सुरू झाली नाही तर फोन जुन्यावर परततो. ही सोय नसलेल्या फोनांना हा आधार नाही, तिथे मधेच वीज गेली तर फोन सुरूच न होण्याची भीती असते.

पहिले दोन-तीन दिवस निकाल देऊ नका

अपडेटनंतर फोन गरम होतो, बॅटरी झपाट्याने उतरते, सगळं अडकत चालतं. हे बहुतेक वेळा तात्पुरतं असतं. फोन पडद्यामागे फोटो नव्याने चाळतो, शोधासाठी सूची बनवतो, ॲप नव्या प्रणालीला जुळवून घेतो. यातलं बरंचसं काम चार्जिंगला लावलेला फोन नुसता पडून असताना होतं. म्हणून दोन रात्री तो चार्जरवर आणि वाय-फायवर राहू द्या. सगळी ॲप अपडेट करा. मग एकदा रीस्टार्ट करा आणि आता पारखा.

तरीही जड वाटलं तर आयफोन-आयपॅडवर ॲक्सेसिबिलिटीमध्ये ‘रिड्यूस मोशन’ आणि ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ सुरू करा. २६ व्या आवृत्तीचा काचेसारखा पारदर्शक चेहरा सौम्य होतो आणि चित्र रंगवण्याचा भार उतरतो. अँड्रॉइडवर ‘अबाउट फोन’मधल्या बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, म्हणजे डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. त्यात ॲनिमेशनचे (स्क्रीनवरच्या हालचालींच्या वेगाचे) तीन स्केल असतात, तिन्ही ०.५ वर आणा. तिथल्या बाकी कशाला हात लावू नका. होम स्क्रीनवरची विजेट आणि हलते वॉलपेपर काढा, गरज नसलेल्या ॲपचं पार्श्वभूमीतलं काम बंद करा.

‘बूस्टर’, ‘क्लीनर’ नावाची ॲप टाकू नका. ती स्वतःच रॅम खातात. दर पाच मिनिटांनी सगळी ॲप सरकवून बंद करण्याची सवयही सोडा, कारण प्रत्येक ॲप पुन्हा शून्यापासून उघडायला जास्त वीज आणि वेळ लागतो. आठवड्याभरानेही काही सुधारलं नाही तर शेवटचा उपाय फॅक्टरी रीसेट, म्हणजे सगळं पुसून फोन नव्यासारखा कोरा करणं. ताजा बॅकअप घ्या, मग करा, आणि लागतील तेवढीच ॲप परत आणा.

अपडेट येणंच थांबलं असेल तर

आधी एकदा खात्री करा, कारण कंपन्या कधी कधी फार उशिराही दुरुस्ती पाठवतात. आयफोन ५एसला जानेवारी २०२३ मध्येसुद्धा सुरक्षा अपडेट मिळालं होतं. नवं ॲप चढत नसेल तर ॲप स्टोअरमधल्या तुमच्या जुन्या खरेदीच्या यादीतून ते निवडून पाहा. बऱ्याच ॲपची चालणारी जुनी आवृत्ती तिथून मिळते.

वेबसाइटच उघडेनाशा झाल्या तर कारण सुरक्षा प्रमाणपत्रांचं, म्हणजे साइट खरी आहे हे फोनला पटवणाऱ्या डिजिटल दाखल्यांचं, असू शकतं. ३० सप्टेंबर २०२१ ला एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची (ज्याच्या आधारावर बाकीची प्रमाणपत्रं मानली जातात) मुदत संपली आणि ‘लेट्स एन्क्रिप्ट’ या संस्थेची प्रमाणपत्रं वापरणाऱ्या असंख्य साइट आयओएस ९ वर थांबलेल्या उपकरणांत उघडेनाशा झाल्या. जुन्या अँड्रॉइडवर फायरफॉक्स टाकून अशी अडचण सुटू शकते, कारण तो प्रमाणपत्रांची स्वतःची यादी बाळगतो. लिनिएजओएससारखी (अँड्रॉइडवर आधारलेली, मोफत) प्रणाली टाकून काही अँड्रॉइड उपकरणं पुन्हा ताजी करता येतात. मात्र त्यासाठी बूटलोडर (फोन सुरू होताना प्रणाली चालू करणारा भाग) उघडताना सगळा डेटा जातो आणि बँकांची ॲप नंतर चालतीलच असं नाही, म्हणून मुख्य फोनवर हा प्रयोग नको.

सुरक्षा अपडेट थांबलेल्या टॅबवरून बँकेचं आणि पैसे देण्याचं ॲप काढून टाका, मुख्य ईमेलमधून साइन-आउट करा आणि त्याच्यासाठी एक वेगळं, साधं खातं उघडा. पुस्तकं वाचायला, गाणी ऐकायला, स्वयंपाक करताना पाककृती समोर ठेवायला तो अजून कितीतरी दिवस चांगली साथ देतो.