तक्त्याची फाइल, डॉक्युमेंट आणि मधला अर्धा तास

सीएसव्हीची, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या टेक्स्ट फाइलची, वर्ड फाइल करायची कमांड एका ओळीत मावते आणि पापणी लवायच्या आत संपते. तरी मी त्या कामाला अर्धा तास धरून ठेवतो. पॅनडॉकसारखं, म्हणजे एका प्रकारच्या फाइलची दुसऱ्या प्रकारची फाइल करून देणारं टूल बिनबोभाट काम करतं, आणि तीच त्याची अडचण आहे. रकाना सरकलेला असो, तारीख उलटी झालेली असो, मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं असोत, ते चकार शब्द न काढता सगळं नीट चौकटीत बसवून हातात देतं. चूक अशी सजूनधजून आली की वाचणाऱ्यालाही ती खरीच वाटते. म्हणून एंटर दाबायच्या आधी काय काय बघायचं ते मी ठरवून टाकलंय, साधारण याच क्रमाने.

समोरचा त्या डॉक्युमेंटचं काय करणार आहे, हे आधी विचारून घ्या. त्यात खाडाखोड करणार असेल तर डॉकएक्स, म्हणजे वर्ड फाइल; नुसतं छापणार किंवा वाचणार असेल तर पीडीएफ. ते ठरलं की टूलही ठरतं. पॅनडॉक सीएसव्हीतला मजकूर उचलतं आणि तक्ता नव्याने मांडतं; मूळ शीटमधले रंग, जोडलेले सेल, रकान्यांची रुंदी यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं. (हे टूल जॉन मॅकफार्लेन नावाच्या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकांनी २००६ मध्ये लोकांपुढे ठेवलं. तत्त्वज्ञाची शिस्त त्यात दिसते, असं मला उगाच वाटतं.) याउलट लिबरऑफिस हे ऑफिस सॉफ्टवेअर खिडकी न उघडता, म्हणजे हेडलेस चालवलं, तर एक्सेलची शीट जशी आहे तशीच पीडीएफमध्ये उतरवतं. पण त्याच शीटची वर्ड फाइल मागितली तर एक्स्पोर्ट फिल्टर नाही म्हणून हात वर करतं. लिबरऑफिसच्या वाटेने जायचं असेल तर सगळी तयारी शीटच्या पेज सेटअपमध्येच करायची: पान आडवं, रुंदी एका पानात बसवलेली, प्रिंट रेंज ठरवलेली. नाहीतर शेवटचे दोन रकाने वेगळ्या पानांवर जाऊन पडतात. इथून पुढे मी पॅनडॉकबद्दलच बोलतोय, कारण माझ्याकडे येणारी नव्वद टक्के कामं वर्ड फाइलची असतात.

वेगळा फोल्डर करा, त्यात मूळ फाइलची प्रत ठेवा आणि मूळ फाइलला परत हात लावू नका. फोल्डरच्या आणि फाइलच्या नावात मोकळी जागा ठेवू नका, नाहीतर कमांडमध्ये दर वेळी अवतरणचिन्हं द्यावी लागतील आणि एकदा तरी ती राहतीलच.

आता शीट उघडा. सीएसव्हीत फक्त समोर उघडी असलेली शीट जाते, मागच्या शीट्स मागेच राहतात. जोडलेले सेल आधी सुटे करा, कारण बाहेर पडताना मजकूर पहिल्या सेलपुरता उरतो आणि बाकीचे सेल रिकामे होतात. विभागाचं नाव एकदा लिहून त्यासाठी आठ ओळी जोडलेल्या असतील तर सात ओळी बेवारस होणार. त्या प्रत्येकीत नाव भरून घ्या. दोन मजली मथळे एका ओळीत आणा, कारण पॅनडॉक फक्त पहिल्या ओळीला मथळा मानतं. वर हौसेने लिहिलेलं ‘मासिक तक्ता’ वगैरे शीर्षक शीटमधून काढा. ते कमांडमधून टायटल म्हणून देता येतं. आणि दशांश बघा. एक्सेल सीएसव्ही करताना सेलमध्ये जे दिसतं तेच लिहितं. दोन दशांशांपर्यंत दाखवायला सांगितलं असेल तर पुढचे आकडे त्या फाइलपुरते गेलेच.

तारखांवर मी सगळ्यात कमी विश्वास ठेवतो. ०३-०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे फाइल सांगत नाही. शक्य असेल तर वर्ष-महिना-दिवस अशी चार आकडी वर्षाची मांडणी घ्या, नाहीतर महिना अक्षरात लिहा. उलटा प्रकारही होतो: जी तारीख नाहीच, तिची तारीख होते. मार्च१, सेप्ट१ अशी इंग्रजी नावं असलेली जनुकं एक्सेलमध्ये टाकली की ती एक मार्च, एक सप्टेंबर होऊन बसायची. शेवटी मानवी जनुकांना अधिकृत नावं देणाऱ्या समितीने त्या जनुकांचीच नावं बदलली आणि २०२० मधल्या नव्या नियमांत या कारणाची दखल घेतली. आपल्याकडे ‘३-४’ असा घर क्रमांक किंवा ‘१/२’ असा गट क्रमांक असला की हीच गत होते. सुरुवातीचं शून्य गळतं, आणि पंधरापेक्षा जास्त अंकी खाते क्रमांक असेल तर सोळाव्या अंकापासून पुढे एक्सेल शून्य टाकतं. असे रकाने आकडे भरायच्या आधीच टेक्स्ट प्रकारचे करून ठेवायचे. नंतर केले तर गेलेले अंक परत येत नाहीत.

मराठी मजकुरासाठी मात्र निवांत वेळ काढा. विंडोजवरच्या एक्सेलमध्ये ‘सेव्ह ॲज’मध्ये सीएसव्ही नावाचे एकापेक्षा जास्त पर्याय दिसतात. नुसता सीएसव्ही निवडला तर जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या मर्यादित यादीत, फाइल लिहिली जाते, तिथे देवनागरीला जागाच नसते, आणि प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह येतं. खरोखरचं प्रश्नचिन्ह. फाँट बदलून, एन्कोडिंग बदलून ते अक्षर परत मिळत नाही. सीएसव्ही यूटीएफ-८ हा पर्याय निवडा. त्यात फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाचे तीन न दिसणारे बाइट असतात; पॅनडॉक ते गुपचूप बाजूला काढतं, पण मध्ये दुसरी एखादी स्क्रिप्ट चालवणार असाल तर ते पहिल्या रकान्याच्या नावाला चिकटून राहू शकतात आणि नाव का जुळत नाही म्हणून डोकं धरायची वेळ येते.

याहून जुनं दुखणं म्हणजे युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक संकेतांच्या, आधीचे फाँट. शिवाजी किंवा कृतिदेव वळणाच्या फाँटमध्ये टाइप केलेली शीट पडद्यावर सुंदर मराठी दिसते, पण आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. सीएसव्ही फाँट सोबत नेत नाही. त्यामुळे बाहेर पडते ती नुसती बाराखडीची भेळ. अशी शीट ओळखायला सोपी: एक सेल कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. तिथे मराठी दिसलं तर पुढे चला, नाही दिसलं तर आधी कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, आणि त्यानंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रफार आणि ऱ्हस्व इकार हे कन्व्हर्टरचे ठरलेले खड्डे.

सीएसव्ही झाली की ती साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. एक्सेलमध्ये दोन क्लिक करून उघडू नका. उघडून सेव्ह केलीत तर तारखांचा आणि शून्यांचा सगळा घोळ पहिल्यापासून. एडिटरमध्ये बघायचं ते स्वल्पविराम. ज्या सेलमध्ये स्वल्पविराम आहे तो दुहेरी अवतरणात असायला हवा, आणि आतच अवतरणचिन्ह असेल तर ते दोनदा लिहिलेलं हवं. २००५ च्या आरएफसी ४१८० या तांत्रिक टिपणात हा रिवाज लिहून ठेवलाय. एक्सेल तो पाळतं, पण हाताने किंवा घाईच्या स्क्रिप्टने केलेल्या फाइल पाळतीलच असं नाही. पत्ते आणि १,२५,००० असे लाखांचे आकडे या दोन जागा तर हमखास. अवतरण नसेल तर एका रकमेचे तीन रकाने होतात आणि शेरा रकान्यातला मजकूर तक्त्याबाहेर ढकलला जातो. संगणकाचं रिजनल सेटिंग युरोपातल्या काही देशांचं असेल तर स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम येतो. तेव्हा एडिटरमध्ये शोधा-बदला न करता शीटमधूनच नीट विभाजक निवडून परत काढा. आंधळेपणाने बदललं तर दशांशाचे स्वल्पविरामही विभाजक होऊन बसतात.

टूलची आवृत्ती बघा. पॅनडॉकला सीएसव्ही पहिल्यापासून वाचता येत नव्हती, त्यामुळे बरीच वर्षं अपडेट न झालेल्या मशीनवर ते हा प्रकारच ओळखत नाही. फाइलचं शेपूटही बघा: आत स्वल्पविराम असले तरी नाव टीएक्सटी असेल तर पॅनडॉक तिला मार्कडाउन समजतं आणि तक्त्याऐवजी एक लांबलचक परिच्छेद काढून देतं.

पीडीएफ हवी असेल तर अजून एक थांबा आहे. पॅनडॉक पीडीएफसाठी एरवी पीडीएफलाटेक हे लाटेकचं पान मांडणारं इंजिन वापरतं, आणि ते देवनागरी बघितली की एरर देऊन थांबतं. इंजिन झीलाटेक सांगा. तेवढ्याने भागत नाही, मेनफाँट, म्हणजे मुख्य फाँटही सांगावा लागतो. नाहीतर डीफॉल्ट फाँटमध्ये देवनागरी नसल्यामुळे तक्ता येतो, रेघा येतात आणि आत कोरं. इथे मात्र पॅनडॉक बोलतं, अक्षर सापडलं नाही अशा सूचनांची रांग लावतं, ती वर सरकवून वाचायला हवी. मेनफाँटच्या ऑप्शनमध्ये स्क्रिप्ट देवनागरी असंही लिहा, नाहीतर ‘कि’ची वेलांटी अक्षराच्या पुढे जाऊन बसते. लिनक्सवर मराठी जाणणारे फाँट कोणते आहेत ते एफसी-लिस्ट या कमांडला एमआर (मराठी) ही भाषा देऊन कळतं. मी मुक्ता वापरतो, कारण त्यात रोमन अक्षरंही असतात आणि ईमेलचा रकाना वेगळा सांभाळावा लागत नाही. चाचणीसाठी चार शब्द ठेवलेत: दुसऱ्या, ट्रॅक्टर, श्रीमती, ॲप. यातला ‘ॲ’ युनिकोडमध्ये २००८ साली आला, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये तिथे चौकोन दिसतो. हे चारही नीट आले तर बहुतेक बाकीचंही येतं.

वर्ड फाइलचं रूप रेफरन्स-डॉक नावाच्या नमुना फाइलमधून येतं. पॅनडॉककडून त्याची मूळ नमुना फाइल काढून घ्या, ती वर्डमध्ये उघडून फाँट, समास, पानाची दिशा आणि ‘टेबल’ नावाची स्टाइल बदला, आणि ती फाइल जपून ठेवा. एकदा केलं की वर्षभर पुरतं. पीडीएफला हा नमुना लागू होत नाही, तिथे रुंदीचं भान आपणच ठेवायचं: सीएसव्हीतून आलेल्या रकान्यांना रुंदी ठरवून दिलेली नसते, त्यामुळे लाटेकच्या वाटेने लांब मजकूर दुसऱ्या ओळीवर न वळता सरळ पानाबाहेर जातो. एकदा मी पहिल्या पानावर नजर टाकून पीडीएफ पुढे पाठवली. पहिल्या पानावर शेरे सगळे ‘होय’, ‘नाही’ एवढेच होते, त्यांना जागा पुरली असं मला वाटलं. खरं तर रकान्याची डावी कडा तेवढी पानावर होती. पाचव्या पानावरचे दोन-दोन ओळींचे शेरे अर्ध्यात कापलेले, आणि प्रती छापून वाटून झालेल्या. तेव्हापासून मी सगळ्यात लांब मजकुराची ओळ शोधतो आणि चाचणीच्या फाइलमध्ये ती पहिली घालतो.

चाचणीची फाइल म्हणजे मथळा आणि निवडून घेतलेल्या पाच ओळी: एक सगळ्यात लांब, एक रिकाम्या सेलची, एक स्वल्पविरामाची, एक तारखेची, एक त्या चार शब्दांची. कमांड त्यावर आधी चालवा. कमांड हाताने टाइप करा किंवा साध्या टेक्स्ट फाइलमधून उचला. वर्डमध्ये जपून ठेवलेली कमांड घेऊ नका. तिथे ऑप्शनच्या आधीच्या दोन आखूड रेघांची एक लांब रेघ झालेली असते आणि सरळ अवतरणचिन्हं वळलेली असतात. डोळ्याला फरक कळत नाही, टर्मिनल मात्र अशी फाइलच नाही म्हणून अडून बसतं.

शेवटची तयारी मोजणीची, आणि ती टाळावीशी वाटते म्हणूनच लिहून ठेवतो. कन्व्हर्ट करायच्या आधी शीटमधल्या ओळींची संख्या आणि एखाद्या आकड्याच्या रकान्याची बेरीज कागदावर टिपा. कमांड लाइनवर डब्ल्यूसीने ओळी मोजता येतात, पण सेलच्या आत एंटर मारलेला असेल तर तो आकडा फुगतो, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर एकाने कमी येतो. म्हणून शीटमधलाच आकडा धरा. ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडमध्ये करोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून सुटल्याचं उघड झालं: प्रयोगशाळांकडून आलेल्या सीएसव्ही फाइल जुन्या एक्सएलएस प्रकारात उतरवल्या जात होत्या, त्यात एका शीटला ६५,५३६ ओळींचीच जागा असते, आणि त्यापुढच्या ओळी गळत होत्या. आपली फाइल तीनशे ओळींची असते हे खरं. पण तीनशेतली एक गेली तर ती ज्याची होती तो माणूस फोन करतोच.

मग खरी फाइल. निघणाऱ्या फाइलच्या नावात तारीख घाला, कारण पॅनडॉक त्याच नावाची जुनी फाइल न विचारता पुसून वर लिहितं. आणि विंडोजवर ती जुनी फाइल वर्डमध्ये उघडी असेल तर परवानगी नाही असा एरर येतो. वर्ड बंद करा, टर्मिनलमध्ये वरचा बाण दाबा, कमांड परत येईल.