लागरच्या डब्यातून गव्हाची बियर

घरी बियर करायच्या सुरुवातीच्या किटमध्ये सहसा चार मुख्य गोष्टी असतात: फर्मेंटरची, म्हणजे बियर आंबवायची टाकी, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) घातलेल्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) घट्ट पाकाचा १.७ किलोचा डबा, साखरेचं एक किलोचं पाकीट आणि डब्याच्या झाकणाखाली यीस्टची ७ ग्रॅमची पुडी. मी मेलबर्नमध्ये कूपर्स कंपनीचं किट वापरते, त्यात डबा लागरचा, म्हणजे नेहमीच्या फिकट बियरचा आला होता. जर्मन धर्तीची गव्हाची बियर, म्हणजे हेफेवायझन करायची तर टाकी आणि डबा ठेवा, साखर आणि यीस्ट बदला. बस्स. बाकी किटवर जे लिहिलंय ते बरंचसं तसंच.

आधी एक सांगून टाकते. ऑस्ट्रेलियात घरी पिण्यापुरती बियर करायला मोकळीक आहे. महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं हा गुन्हा आहे, घरच्या घरी असली तरी. तेव्हा पुण्याच्या भाच्याला हे पाठवून त्याला कामाला लावू नका.

साखरेच्या जागी १.५ किलोचा व्हीट माल्ट एक्स्ट्रॅक्टचा, म्हणजे गव्हाच्या माल्टच्या पाकाचा डबा घ्या, हॉप्स नसलेला. साखरेने नुसती नशा वाढते, बियर पातळ होते. गव्हातल्या प्रथिनांमुळे भरदार फेस आणि तो धुरकट रंग येतो. लेबल मात्र वाचा. 'व्हीट' लिहिलेल्या एक्स्ट्रॅक्टमध्येही बार्लीचा वाटा असतो. त्यामुळे लागरच्या डब्याबरोबर घातलात तर गहू एकूण चौथाई-तिहाईच भरतो, आणि जर्मनीत वाइसबियर म्हणवून घ्यायला निम्मा माल्ट तरी गव्हाचा लागतो. काटेकोर असाल तर पुढच्या वेळी मूळ डबाही व्हीटचाच आणा. त्यात हॉप्सही कमी असतात. लागरचा डबा या बियरला जरा कडूच पडतो. म्हणून वरून हॉप्स अजिबात घालू नका, दुकानदार कितीही आग्रह करो.

सासूबाईंचा प्रश्न होता, घरात दहा किलो आटा असताना डबा कशाला? आटा चालत नाही. कच्च्या गव्हातला स्टार्च यीस्टला खाता येत नाही. त्याची साखर करणारी एन्झाइम्स धान्याला मोड आणल्यावर तयार होतात. नाचणी सत्त्वासाठी मोड आणून वाळवतो ना, तसाच गहू मोड आणून वाळवला की माल्ट. आटा नुसता ढकललात तर खळ होईल.

हौस असेल तर अर्ध्या एक्स्ट्रॅक्टऐवजी खरा माल्ट वापरता येतो. होमब्रूच्या दुकानातून १ किलो व्हीट माल्ट आणि ५०० ग्रॅम पिल्सनर माल्ट (बार्लीचा फिकट माल्ट) भरडून आणा. जाळीदार पिशवीत घालून साडेचार लिटर पाण्यात ४४-४५ अंशांवर पंधरा मिनिटं ठेवा, मग ढवळत ढवळत ६७ वर न्या आणि पातेलं जाड टॉवेलात गुंडाळून तासभर विसरा. पहिल्या टप्प्यात फेरुलिक आम्ल सुटतं, त्याचंच यीस्ट पुढे लवंगेच्या वासात रूपांतर करतं. पिशवी ७५ अंशांच्या दोन लिटर पाण्याने धुऊन निथळा आणि सगळं पाणी पंधरा मिनिटं खळाळून उकळा. यात मूळ डबा आणि ५०० ग्रॅम कोरडं व्हीट एक्स्ट्रॅक्ट मिसळलं की हिशेब जुळतो. पहिल्यांदाच करत असाल तर हा उपद्व्याप नको, दोन डबेच बरे.

दोन्ही डबे गरम पाण्यात बसवून पाक सैल करा, दोन लिटर उकळत्या पाण्यात विरघळवा आणि गार पाण्याने एकूण २१ लिटर करा. किटवर २३ लिहिलेलं असतं. तिकडे दुर्लक्ष करा. हायड्रोमीटर (द्रवाची घनता मोजणारी काचेची नळी) १.०४५ च्या आसपास दाखवेल, म्हणजे बियर पाच टक्क्यांच्या जवळपास. उन्हाळ्यात नळाचं पाणीच कोमट येतं, म्हणून आदल्या रात्री बाटल्या भरून फ्रिजमध्ये ठेवते. फर्मेंटर, नळी, चमचा, जे जे बियरला शिवणार ते आधी सॅनिटायझरमधून काढा. यात कुचराई नको.

आता यीस्ट. केळ्याचा आणि लवंगेचा वास गव्हातून येत नाही, यीस्टमधून येतो. लॅलमंड कंपनीचं म्युनिक क्लासिक किंवा फर्मेंटिस कंपनीचं डब्ल्यूबी-०६, साधारण ११ ग्रॅमची पुडी, वॉर्ट (न आंबलेलं हे पाकाचं पाणी) १८-२० अंशांवर आल्यावर वरून भुरभुरवा. किटची जुनी पुडी फेकू नका, ती उकळत्या पाण्यात आधीच घालून टाका. मेलेलं यीस्ट हे नव्या यीस्टचं खाद्य. १८ च्या आसपास ठेवलंत तर लवंग पुढे येते, २२-२३ ला केळं. त्याहून गरम झालं तर नेलपॉलिश रिमूव्हर. मेलबर्नच्या जानेवारीत गराज तिशी ओलांडतं, म्हणून मी हे एप्रिल ते ऑक्टोबरच करते. ज्यांना थांबवत नाही त्यांनी फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून बर्फाच्या बाटल्या बदलत राहाव्यात.

दुसऱ्या दिवशी फेस असा चढतो की झाकणातून बाहेर यायला बघतो. झाकणावरच्या छोट्या एअरलॉकऐवजी (गॅस बाहेर सोडणारी झडप) जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बरणीत बुडवा. गंधकाचा, अंड्यासारखा वास आला तर घाबरू नका, जातो.

बाटल्या कधी भरायच्या? एअरलॉकचे बुडबुडे थांबले म्हणून नव्हे. हायड्रोमीटर लागोपाठ तीन दिवस एकच आकडा दाखवेल तेव्हा. म्युनिक क्लासिक साधारण १.०११ ला थांबतं. डब्ल्यूबी-०६ डायस्टॅटिकस जातीचं आहे, म्हणजे इतर यीस्ट सोडून देतात त्या लांब साखळीच्या साखराही ते सावकाश खात राहतं. ते वापरत असाल तर आणखी आठवडाभर थांबा, नाहीतर ती खादाडी बाटलीत चालू राहील आणि बाटली फुटेल. नवख्यांना मी म्युनिक क्लासिकच सांगते.

या बियरला गॅस जास्त हवा. किटसोबतच्या ७४० मिलीच्या प्लास्टिक बाटलीत दोन कार्बोनेशन ड्रॉप्स (साखरेच्या गोळ्या), म्हणजे लिटरला सुमारे ८ ग्रॅम साखर. जर्मन बियर याहूनही फसफसते, पण तिच्या बाटल्या जाड असतात. साध्या काचेच्या बाटलीत मोह आवरा. प्लास्टिकचा फायदा असा की दाबून कळतं: दगडासारखी कडक झाली की तयार. उबेत दोन आठवडे, मग फ्रिजमध्ये उभी.

नितळ करायच्या भानगडीत पडू नका, जिलेटिन वगैरे काही नको. उंच ग्लास गार पाण्याने ओला करून तिरका धरा, बाटलीत दोन बोटं बियर ठेवा, ती गोल फिरवून तळाचं यीस्ट हलवा आणि फेसासकट वर ओता. जर्मन सहसा लिंबाची फोड घालत नाहीत, मीही घालत नाही, फेस बसतो. आणि ही साठवायची बियर नव्हे, दोन-तीन महिन्यांत संपवा.