दावा मोठा, पुरावा गायब: निबंध आणि जाहिरात लिहिताना या चुका टाळा

गणपती जवळ आले की इंदुरात माझ्या टेबलावर दोन गठ्ठे येऊन पडतात: मंडळाच्या निबंध स्पर्धेचे कागद आणि स्मरणिकेच्या जाहिराती. चुका दोन्हीकडे त्याच. पटवून देण्याच्या तंत्रांची नावं सगळ्यांना पाठ, पण यातला दावा कुठला नि पुरावा कुठला असं विचारलं की घोडं अडतं.

विषयालाच भूमिका समजणं

"स्वच्छ इंदूर" असा विषय दिला की गठ्ठ्यातले बहुतेक निबंध "इंदूर हे भारतातील सर्वात स्वच्छ शहर आहे" इथूनच सुरू होतात. याच्याशी वाद कोण घालणार? केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात 2017 पासून सलग सात वर्षं पहिला नंबर, त्यातला 2023 चा सुरतेसोबत विभागून. ही झाली माहिती. तिच्यावर दोन पानं ताणली की शेवटी महापालिकेची आरतीच उरते.

शेजारच्याला "छे, असं कसं?" म्हणावंसं वाटेल ते वाक्य म्हणजे भूमिका. उदाहरणार्थ, "इंदूरच्या यशाचं श्रेय झाडूपेक्षा घरातल्या ओल्या-सुक्या कचऱ्याच्या दोन डब्यांना जास्त आहे." आता पुरावा शोधणं आलं, आणि तो सापडतोही. ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा इंदूरचा देवगुराडिया इथला बायो-सीएनजी प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. तेव्हाची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्याची. त्या कचऱ्यात काच नि पिशव्या मिसळून आल्या तर गॅस कशाचा करणार? म्हणून वेगळं करण्याचं काम घरच्या ओट्यापाशीच व्हावं लागतं. पुढे विरोधी मुद्दाही स्वतःच मांडा: रात्री सराफ्यातला खाऊबाजार उठल्यावर रस्ता झाडणारे हात नसते तर तुमचे डबे काय कामाचे? याला उत्तर असेल तर लिहा. नसेल तर भूमिका बदला, त्यात लाज कसली.

मी तपासताना समासात फक्त "मग?" लिहिते. प्रत्येक परिच्छेदाला "मग?" पडायला लागला की कागद परत. मुलं वैतागतात. "काकू, एक फॉरमॅट द्या ना, त्यात भरतो." नाही देत. फॉरमॅटात भरलेले निबंध पहिल्या ओळीत ओळखू येतात, सुविचाराने सुरू होणारे तर त्याच्याही आधी.

"नंबर वन"

काही वर्षांपूर्वी आमच्या स्मरणिकेत शेव-नमकीनच्या तीन जाहिराती समोरासमोरच्या पानांवर आल्या. तिन्हींत एकच ओळ: "इंदूरची नंबर वन शेव". वर्गणी गोळा करणाऱ्या पोरांनी मजकूर घेतला तसाच थेट छापखान्यात दिला होता. अंक वाटला त्याच संध्याकाळी एका दुकानदाराचा फोन.

"ताई, पैसे मी दिलेत. मग त्याला नंबर वन कसं छापलंत?"

"तुम्हाला नंबर कुणी दिला?"

"सगळे तेच म्हणतात!"

झुंडीचा आधार म्हणतात तो हाच. सगळे घेतात, म्हणून चांगलं. हा पुरावा नव्हेच.

पुढच्या वर्षी मीच त्याच्या दुकानात जाऊन बसले. कढईवर झारा धरून तो शेव पाडत होता. बोलता बोलता सहज म्हणाला, "लौंगची तयार पूड आम्ही आणत नाही, रोज सकाळी इथेच कुटतो." झाली की जाहिरात! तेच छापलं: "लौंग रोज सकाळी दुकानातच कुटतो. या, वास घेऊन बघा." तो कुरकुरलाच. "पण ताई, यात नंबर वन कुठंय?"

बाकीच्या, थोडक्यात

भावनेला हात घालायचा म्हणून कुठेही आई आणू नका. एका पॅथॉलॉजी लॅबचा मजकूर आला होता: "आईच्या मायेने रक्ततपासणी". तिथे गिऱ्हाईकाला विश्वासार्हता हवी असते, रिपोर्ट किती वाजता मिळेल ते हवं असतं.

गिऱ्हाईकाचं लक्ष, रस, इच्छा, कृती ही जाहिरातीची साखळी सगळ्यांना तोंडपाठ. तरी निम्म्या जाहिरातींत फोन नंबर नसतो. कृती करायची कुठे?

अमेरिकेत 1937 मध्ये स्थापन झालेल्या इन्स्टिट्यूट फॉर प्रोपगंडा अ‍ॅनालिसिसने प्रचाराच्या सात युक्त्यांची यादी केली, ती लोकांनी भुलू नये म्हणून. आपल्याकडचे उतावळे नवशिके तीच यादी पाककृतीसारखी समोर ठेवून लिहितात.

आणि ती चांदणी. "50% सूट*", खाली मुंगीच्या अक्षरात "निवडक मालावर". 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार खालची टीप मूळ दाव्याला खोडून काढणारी नसावी, आणि दावा ज्या भाषेत त्याच भाषेत असावी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर 50 लाखांपर्यंत. "आमची तर छोटीशी स्मरणिका" हे मला सांगू नका. चांदणी काढा आणि "निवडक मालावर" हे शब्द सवलतीच्या आकड्याशेजारी, त्याच टायपात घ्या. जागा पुरत नसेल तर मालकाचा फोटो लहान करा.